मैदान जवळच आहे, लेखणी हाती घ्या!



गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांत एक पत्र जरा निराळं होतं. लिहिणारी तालुक्याच्या गावची. कॉलेजात असताना कबड्डी खेळलेली. आता पदरात दोन मुलं, सासूबाईंचं पथ्यपाणी, यजमानांची फिरतीची नोकरी. ती विचारते, "घरी राहून खेळांवर लिहिण्याचं काम मिळतं का हो? मोबाइलवर जाहिराती दिसतात, पण खऱ्या कोणत्या नि खोट्या कोणत्या ते कळत नाही. शिवाय घरात बोलले तर सगळे हसतील. बाईमाणसानं मॅचच्या बातम्या कसल्या लिहायच्या म्हणतील!"

शिवणकाम, शिकवण्या, पापड-लोणची यांबद्दल आपण पुष्कळदा बोलतो. मग ज्या बाईला शिवणाची आवड नाही पण खेळातलं कळतं, तिनं काय करावं? आज तिच्यासाठी लिहिते.

आधी हसणाऱ्यांचं पाहू. इंदूरच्या चंद्रा नायडू, म्हणजे सी. के. नायडूंची कन्या, यांनी १९७०च्या दशकात क्रिकेटचं धावतं वर्णन केलं. त्या भारतातल्या पहिल्या महिला समालोचक मानल्या जातात. आणि त्यांचा पेशा काय? इंग्रजीच्या प्राध्यापिका! शारदा उग्रा यांनी १९८९ साली मुंबईच्या एका दैनिकातून क्रीडा पत्रकारिता सुरू केली आणि आज त्यांचं नाव देशभर आदरानं घेतलं जातं. बुद्धिबळाला वाहिलेली 'चेसबेस इंडिया' ही वेबसाइट उभी करणाऱ्या दोघांपैकी एक आहेत अमृता मोकल. त्या लिहितात आणि स्पर्धांचे फोटोही काढतात. तेव्हा हे काम बायकांचं नाही असं कुणी म्हणालं, तर ही नावं ऐकवा आणि भाजी चिरायला घ्या.

आता मुद्द्याचं. खेळावर लिहायचं म्हटलं की पहिला विचार येतो क्रिकेटचा. टीव्हीवर सामना पाहायचा आणि लिहून पाठवायचं. पण जरा विचार करा. तो सामना तुमच्यासारखेच कोट्यवधी लोक पाहत असतात. त्याची धावसंख्या क्षणात मोबाइलवर येते, आणि आता तर आकडे घातले की यंत्रही चार परिच्छेद लिहून देतं. मग तुमच्या त्या लेखाला पैसे कोण देणार? जो माल गल्लीच्या प्रत्येक दुकानात मिळतो, त्याला भाव येत नाही. हे आपल्याला बाजारहाट करताना पक्कं ठाऊक असतं.

तुमच्याकडे असलेला, दुसऱ्या कुणाकडे नसलेला माल कोणता? तुमच्या गावचं मैदान! शाळेच्या पटांगणावर १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या मुलींचे तालुक्याचे, जिल्ह्याचे सामने होतात. तिथं मुंबई-पुण्याहून कोण येतं? कुणीही नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी येतात, त्यातही एक ओळ प्रमुख पाहुण्यांची. ज्या पोरीनं जिवाच्या आकांतानं चढाई करून सामना ओढून आणला, तिचं नावसुद्धा छापून येत नाही. तिच्या आईजवळ जपून ठेवायला एक कात्रण नसतं. ही उणीव तुम्ही भरून काढू शकता, आणि भरून काढता काढता कमावूही शकता.

दिवसही चांगले आहेत. २०२५ हे एकच वर्ष घ्या. जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आणि आपल्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक आणला, आणि त्याच महिन्यात ढाक्याला आपल्या मुलींनी कबड्डीचाही विश्वचषक जिंकला. आपली स्मृती मानधना सांगलीची. या मुली काही आकाशातून पडल्या नाहीत. कुठल्या तरी पटांगणावरच त्यांनी सुरुवात केली. उद्याची अशी मुलगी कदाचित तुमच्या गल्लीत राहत असेल.

बातमी लिहावी कशी?

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. निबंधाच्या तासाला मुलांना एक सांगते: आधी काय झालं ते सांग, मग तुला काय वाटलं ते. खेळाच्या बातमीलाही हाच नियम. आपल्याकडची नेहमीची बातमी अशी असते: "येथील मैदानावर कबड्डी सामने मोठ्या उत्साहात पार पडले. मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन झाले." सांगा बरं, कोण जिंकलं? तीच बातमी अशी लिहून पाहा: "मध्यंतराला ११-१६ अशा पिछाडीवर असलेल्या नगरपालिका शाळेच्या मुलींनी शेवटच्या चार मिनिटांत लोण चढवला आणि सामना ३१-२७ असा जिंकला." एका वाक्यात सगळा सामना डोळ्यांपुढे उभा राहतो. मान्यवर शेवटच्या ओळीत आले तरी चालतात. जागा कमी पडली तर तीच ओळ आधी कापली जाते, आणि त्यात कुणाचं नुकसान नाही.

मैदानावर जाताना वही, दोन पेनं आणि चार्ज केलेला मोबाइल न्या. शक्यतो गुणलेखकाच्या जवळपास बसा. सामना संपला की विचारून गुणपत्रकाचा फोटो घ्या, म्हणजे आकड्यांत घोटाळा होत नाही. खेळाडूचं नाव, आडनाव, गाव, इयत्ता तिच्याकडूनच विचारून लिहा आणि लिहिलेलं तिला दाखवा. 'शिंदे'ची 'शिंगे' झाली तर त्या घरी तुमच्या बातमीला काही किंमत उरत नाही. मग क्रीडाशिक्षकांना एकच नेमका प्रश्न विचारा: "सामना फिरला कुठे?" ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. खेळाडूंच्या भेटीत आपल्या बायकांना एक सोय असते. मुली आपल्याशी मोकळ्या बोलतात. सराव कधी करतेस, बूट कुणी घेऊन दिले, घरी काय म्हणतात, हे त्या सांगतात. खरा लेख तिथंच सापडतो.

खेळाचे शब्द मात्र अचूक हवेत. चढाई, पकड, बोनस, लोण हे कबड्डीचे. संरक्षण, आक्रमण, खांब हे खो-खोचे. आपल्या भाषेत ही शब्दसंपत्ती भरपूर आहे. बाळ ज. पंडितांनी मराठीतलं क्रिकेटचं वर्णन रेडिओवरून घराघरांत नेलं. वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये खेळांना मानाची जागा दिली आणि देशी खेळांचीही बाजू मांडली. रोज पेपरातलं खेळाचं पान मोठ्यानं वाचलंत, तर पंधरा दिवसांत शब्द जिभेवर बसतील.

आणखी एक. खेळाडू लहान मुली असतात. त्यांचा फोटो छापायचा तर पालकांना किंवा शाळेला विचारा. घरचा पत्ता नि फोन नंबर कधीही देऊ नका.

काम द्यायचं कुणी?

सुरुवात दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीपासून करा. तिथं पैसे थोडे मिळतील, कदाचित मिळणारही नाहीत, पण नाव छापून येतं आणि कात्रणं जमतात. चार-पाच चांगली कात्रणं हीच तुमची पदवी. त्यांचे फोटो काढून मोबाइलमध्ये एका ठिकाणी ठेवा. मग मराठी, हिंदी, इंग्रजी, जी भाषा येत असेल तिच्यातल्या खेळांच्या वेबसाइटना लिहा. बहुतेकांच्या पानाच्या तळाशी ई-मेलचा पत्ता असतो.

पत्र लांबलचक नको. "मला लिहिण्याची आवड आहे, संधी द्यावी," असं तर मुळीच लिहू नका. तशी पत्रं त्यांना रोज येतात. त्याऐवजी लिहा: "आमच्या तालुक्यात एका शाळेच्या सात मुली यंदा राज्य स्पर्धेला निवडल्या गेल्या. शाळेला स्वतःचं मैदान नाही, सराव आठवडी बाजाराच्या जागेवर चालतो. यावर ८०० शब्द आणि चार फोटो आठ दिवसांत देऊ शकते." काय, किती आणि कधी, एवढं स्पष्ट असलं की उत्तर येण्याची आशा असते. दहा दिवस वाट पाहा, एकदा आठवण करा, आणि मग तोच विषय दुसऱ्या ठिकाणी द्या. नकार मनाला लावून घेऊ नये. भाजीवालीसुद्धा दहा दारं फिरते तेव्हा टोपली रिकामी होते.

शिवाय स्पर्धा भरवणारी मंडळं, क्रीडा संघटना, अकादमी यांना रोजचा वृत्तान्त लिहून देणारं माणूस हवंच असतं. दिवाळी अंकांना खेळाडूंच्या मुलाखती चालतात. हे काम बाहेरच्या कामापेक्षा लवकर हाती येतं.

पैशाचं बोलायला लाजू नका

आपण बायका इथंच मागे राहतो. "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या," असं म्हणतो, मग योग्य काहीच वाटत नाही! लेख देण्यापूर्वी चार गोष्टी ई-मेलवर लिहून घ्या: किती शब्द, किती मानधन, पैसे किती दिवसांत आणि नाव छापणार की नाही. पहिला लेख दिला आणि पैसे आले नाहीत, तर दुसरा देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका बाईंचे एका वेबसाइटनं ओळीनं सहा लेख छापले आणि मग फोन उचलणंच बंद केलं.

हिशेब तासाचा करा. समजा, लेखाला ३०० रुपये ठरले. मैदानावर तीन तास, लिहायला दोन, रिक्षाचे ५० रुपये. उरले २५०, म्हणजे तासाला ५०. नव्यानं शिकताना एवढं चालेल. वर्षभरानंतर चालू नये.

मानधन तुमच्या स्वतःच्या नावच्या खात्यात घ्या. रक्कम लहान का असेना, पासबुकात आपल्या कष्टाची नोंद असावी. पॅन कार्ड लागेल. एकाच संस्थेकडून वर्षात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मिळालं, तर ते साधारण १० टक्के कर कापून पैसे देतात. घाबरू नका. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळतात.

हक्काचंही ध्यानात ठेवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखावर पहिला हक्क त्याचाच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. तेव्हा कुणी करारपत्र पाठवलं, तर वाण्याची यादी वाचतो तसं ओळन् ओळ वाचा, मगच सही करा.

जिथून लांब राहायचं

"घरबसल्या लिहा, आधी नोंदणीचे ९९९ रुपये भरा." काम देणारा पैसे देतो, मागत नाही. मागितले की समजावं, हा ठग आहे. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

दुसरा धोका जास्त गोड दिसतो. "आजच्या सामन्यात कुठले अकरा खेळाडू निवडावेत" असे सल्ले लिहून देण्याचं काम पूर्वी पुष्कळ मिळे, आणि पैसेही बरे मिळत. त्यामागे बहुतेकदा पैसे लावण्याचे खेळ असत. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्र सरकारनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्यांची जाहिरात करणंही गुन्हा ठरवलं. असं काम चोरूनमारून कुणी देऊ केलं, तर सरळ नाही म्हणा. कुणाच्या तरी घरातला पगार त्या खेळात जातो, त्याला आपला हातभार कशाला?

तिसरं, मजकूर यंत्राकडून लिहून घेऊन आपल्या नावानं पाठवू नका. यंत्र तुमच्या पटांगणावर आलेलं नसतं, ते खेळाडूंची नावंही रचून देतं. संपादकाला एकदा संशय आला की दार कायमचं बंद.

वेळ कसा काढावा?

रोज मैदानावर जायचं नाहीच. शाळांच्या स्पर्धा पावसाळ्यापासून पुढच्या काही महिन्यांत होतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून किंवा शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडून तारखा आधीच मिळवा आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं खुणा करा. आठवड्याला एक सामना, एक लेख पुरे. त्या दिवशी पिठलं-भात करा. घरचे कुणी उपाशी राहत नाहीत. मुलांनाही बरोबर न्या. गुण मोजायचं काम त्यांच्याकडे द्या, ती आवडीनं करतात.

थोडक्यात:

- टीव्हीवरचं नको, आपल्या मैदानावरचं लिहा.
- निकाल पहिल्या वाक्यात, पाहुणे शेवटच्या.
- नावं आणि आकडे दोनदा तपासा.
- मानधन आधी ठरवा, ई-मेलवर लिहून घ्या.
- कामासाठी कुणालाही पैसे भरू नका.

तर मग, येत्या शनिवारी तुमच्या गावात कुठला सामना आहे ते आजच विचारून ठेवा. पहिली बातमी छापून आली की त्यातली खेळाडू ते कात्रण पुस्तकात जपून ठेवील. एक प्रत तुम्हीही ठेवा, आणि एक आमच्याकडे जरूर पाठवा.