जाब कोणाला विचारावयाचा?

सप्टेंबर १९८२ मध्ये बैरूतच्या साब्रा व शातिला येथे लेबनॉनी फलांगिस्टांनी पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल केली; भोवती वेढा इस्रायली सैन्याचा होता. त्याविरुद्ध खुद्द तेल अवीवमध्ये इस्रायली नागरिकांची प्रचंड निषेधसभा झाली. १९८३ मध्ये काहान आयोगाने व्यक्तिशः जबाबदार ठरविल्यामुळे शेरॉन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले. ही सरकारवरील टीका होय.

ऑक्टोबर १९८२ मध्येच रोमच्या सिनेगॉगवर हल्ला होऊन दोन वर्षांचे बालक मारले गेले. त्या बालकाने कोणते धोरण आखले होते? हा निव्वळ ज्यूद्वेष होय.

पॅलेस्टिनी जनतेची बाजू मांडताना ‘इस्रायल सरकार’ या अर्थी ‘ज्यू’ हा शब्द कार्यकर्त्यांनी कदापि वापरू नये. तसेच, ज्यूद्वेषाचा आरोप करून न्याय्य टीकेचे तोंड कोणी बंद करू पाहील, तर तेही मानू नये.