शुद्ध तेल, पण ताजे आहे का?

गोंदिया-फुलचूरचा परिसर धानाचा. धान कापणीला येण्याआधीच ओलसर बांधीत जवस, लाखोरी फेकून उतेऱ्याचे पीक घेण्याची आपली जुनी रीत. त्यामुळे जवसाचे तेल आपल्याला नवे नाही. अलीकडे ‘ओमेगा-३’चा बोलबाला झाल्यापासून शहरी मंडळीही त्याच्या मागे लागली आहेत. तेल घाण्याचे व शुद्ध आहे ना, एवढे विचारून सारे निश्चिंत होतात. आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. तेल केव्हा काढले, हेही विचारले पाहिजे.

याचे कारण हवेतील प्राणवायू. जवसाच्या तेलात साधारण निम्मा भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. हेच ते ओमेगा-३. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात आणि प्राणवायू त्यांच्या लगतच शिरकाव करतो. शेंगदाणा तेलातील ओलेइक आम्लात असा बंध एकच. त्याच्या तुलनेत हे आम्ल सुमारे वीसपट वेगाने बिघडते. ही क्रिया एकदा सुरू झाली की साखळीसारखी पुढे चालते. प्रकाश, उष्णता, लोखंड आणि तांबे तिला आणखी वेग देतात. सुतार दारे-खिडक्यांना जवसाचे तेल लावतात. ते वाळते म्हणजे उडून जात नाही, तर प्राणवायू शोषून घट्ट होते. हाच प्रकार स्वयंपाकघरातील अर्धवट भरलेल्या बाटलीत हळूहळू घडतो. ज्या गुणासाठी तेल आणले तो कमी होतो आणि खवटपणा तेवढा पदरात पडतो.

मग करावे काय? तेल थोडे थोडे आणावे. गडद रंगाच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट झाकण लावून थंड जागी ठेवावे. जुन्या तेलात नवे ओतू नये, कारण उरलेले खवट तेल नव्यालाही लवकर बिघडवते. तळणासाठी ते वापरू नये. रंगासारखा किंवा मासळीसारखा वास आला तर मोह न धरता टाकून द्यावे. अख्खा जवस मात्र टरफलाच्या आत बराच काळ टिकतो. म्हणून जवस साठवावा, तेल नव्हे. चटणीही आठवड्यापुरतीच कुटावी.

घाणेवाल्यांनीही प्रत्येक बाटलीवर तेल काढल्याची तारीख लिहावी. त्याला खर्च नाही. आणि ग्राहकांनी ती तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.