ताकदीचा काटा

आमच्या इंझोरीत सोयाबीनचं पोतं मोजताना कुणी डोळे मिटून बसत नाही. काटा सरळ आहे का, त्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का आहे का, बारदान्याचं वजन किती कापलं, सगळं बघितलं जातं. पाव किलो इकडेतिकडे झालं तरी आवाज चढतो. आणि तोच माणूस सात-आठ लाखांचा ट्रॅक्टर घ्यायला गेला की बॉनेटवर रंगवलेला आकडा वाचून सही करतो. ४५ लिहिलंय म्हणजे ४५ एचपी असणारच!

मागच्या फेरीत गावी गेलो तेव्हा चुलतभाऊ वैतागलेला होता. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, मागे सहा फुटी रोटाव्हेटर, आणि थोडी ओल असलेल्या काळ्या रानात इंजिन गळपटत होतं. धूर काळा, डिझेल दीडपट. विक्रेता म्हणाला, रोटाव्हेटर मोठा आहे. रोटाव्हेटरवाला म्हणाला, ट्रॅक्टरमध्ये दम नाही. मिस्तरीने अंदाजाने नोझल बदलले, मग पंप खोलला. पैसे तिघांनी घेतले, ताकद कुणीच मोजली नाही. शेवटी काका म्हणाले, "काहून गा, ट्रॅक्टरची ताकद मोजाले काटा नसते काय?"

असतो ना काका! त्याला डायनॅमोमीटर म्हणतात. प्रॉनी नावाच्या फ्रेंच इंजिनियरने १८२१ मध्ये फिरत्या दांड्याला ब्रेक आवळून ताकद मोजली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. फिरणाऱ्या दांड्याला अडवायचं, तो किती जोराने ढकलतो ते मोजायचं, आणि मिनिटाला किती फेरे होतात ते बघायचं. दोन्हींवरून ताकद निघते. ट्रॅक्टरचा पीटीओ ५४० फेऱ्यांवर ४० एचपी देत असेल, तर एक मीटर लांब दांडीच्या टोकाला जवळजवळ ५४ किलो वजन तोलण्याइतका जोर लागतो. यात जादू काही नाही.

आता बॉनेटवरच्या आकड्याची गोष्ट. तो बहुधा इंजिनाचा असतो. पण रोटाव्हेटर आणि थ्रेशर इंजिनावर चालत नाहीत, पीटीओवर चालतात. वाटेत गिअर आणि पंप आपला वाटा घेतात. ४५ मधले ३८-४० पीटीओपर्यंत पोचले तर ठीकच म्हणायचं. नांगर ओढताना चाकं घसरतात, तिथे आणखी कमी. म्हणजे आकडा अगदी खोटा नाही. आपल्या कामाचा नाही, एवढंच. माहितीपत्रकात पीटीओचा आकडा कधी कधी असतोही, पण बारीक अक्षरात. मोठ्या अक्षरात रंगवला जातो तो मोठा आकडा.

"शेतकऱ्याला यातलं काय कळतं?" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात क्रोझर नावाचा शेतकरी होता. ट्रॅक्टर घेऊन पस्तावला, आणि आमदार होता म्हणून त्याने १९१९ मध्ये कायदाच करवून घेतला : विद्यापीठाने तपासल्याशिवाय राज्यात नवीन मॉडेल विकायचं नाही. १९२० पासून चाचण्या सुरू झाल्या आणि निकाल छापून सगळ्यांसमोर आले. शेतकऱ्याला कळतं हो. त्याच्या हातात काटा द्यायला हवा.

आपल्याकडेही नर्मदाकाठी बुधनीला १९५५ पासून केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे पीटीओ, ओढ, डिझेलचा खप, सगळं मोजून अहवाल निघतो. उत्तम काम आहे. पण तो अहवाल इंग्रजीत, जाडजूड, आणि त्यात मोजलेला असतो तिथे गेलेला एक नवाकोरा ट्रॅक्टर. पाच पावसाळे खाल्लेला आमच्या दारातला नाही.

आणि डायनो दुर्मिळ आहेत म्हणावं, तर तसंही नाही. पुण्यात ते बनवणारे कारखाने आहेत, एआरएआय १९६६ पासून तिथेच आहे. पण हा सगळा बाजार कंपन्यांचा, प्रयोगशाळांचा, इंजिनियरिंग कॉलेजांचा. शहरात हौशी पोरं मोटरसायकल डायनोवर चढवून आलेख मित्रांना दाखवत हिंडतात :) त्यांच्या हौसेला काटा आहे, आमच्या कर्जाला नाही.

कुणी म्हणेल, ऊन, उंची, डिझेलचा दर्जा यांनी आकडा बदलतो, उगाच भांडणं होतील. बदलतो, मान्य. त्यासाठी दुरुस्तीची गणितं ठरलेली आहेत. आणि भांडणं आजही होतातच, फक्त अंदाजावर होतात.

मागणं फार नाही. एक, बॉनेटवर इंजिनाच्या आकड्याशेजारी त्याच मापाच्या अक्षरात पीटीओचा आकडा लिहा. दोन, पीटीओला जोडायचा, चाकांवर ओढून नेता येणारा डायनो मिळतो. तसा एक करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात ठेवा, आणि पेरणीच्या आधी मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावांत फिरवा. ठरलेली फी घ्या, मराठीत चिठ्ठी द्या. नोझल बदलण्याआधी एकदा आणि बदलल्यावर एकदा, मिस्तरीचाही कस लागेल.

सोयाबीन विकताना आमचा माल शिक्क्याच्या काट्यावर चढतो. मग आम्ही विकत घेतो ती ताकद काट्यावर का चढू नये? काकांचा प्रश्न एवढाच आहे.