जहाज सुटणार का, हे विचारायचा हक्क कुणाला?

जानेवारी 2022 मध्ये एका जहाजाची बातमी सगळीकडे फिरत होती. कॉर्डेलिया नावाचं आलिशान क्रूझ जहाज नववर्षाच्या सहलीला मुंबईहून गोव्याला गेलं. जहाजावर दोन हजारांच्या आसपास माणसं. एक कर्मचारी पॉझिटिव्ह निघाला, मग सगळ्यांची तपासणी झाली. 3 जानेवारीला 66 जण बाधित असल्याचं जाहीर झालं आणि मौजमजा तिथेच आटोपून जहाज मुंबईकडे वळलं. तेव्हा पुढच्या तारखांचं बुकिंग केलेल्या मंडळींचा जीव टांगणीला लागला. जहाज सुटणार की नाही? पैसे परत मिळणार की पुढची तारीख गळ्यात मारणार?

आम्ही ह्या लोकांची टिंगल करणार नाही. पैसे भरलेत, सेवा मिळणार नसेल तर ते परत मागणं हा त्यांचा हक्क आहे. ग्राहक संरक्षण कायदा त्यांच्या बाजूने आहे आणि तो असायलाच हवा. आमचा प्रश्न वेगळा आहे. महामारीत ज्यांचं ज्यांचं बुकिंग बुडालं, त्या सगळ्यांना हा प्रश्न विचारता आला का?

आधी एक हिशेब मांडू. 30 डिसेंबर 2021 ला राज्य सरकारने निर्बंध आणले. लग्नाला 50 माणसं, अंत्ययात्रेला 20. म्हणजे बाप गेला तर पोरांनी नातेवाईक मोजून न्यायचे. आणि त्याच आठवड्यात एका जहाजावर दोन हजार माणसं नवीन वर्ष साजरं करत होती. 6 डिसेंबर 2020 ला आपल्याला सांगितलं गेलं की चैत्यभूमीवर येऊ नका, घरूनच अभिवादन करा. आपण ऐकलं. आयुष्यात एकही 6 डिसेंबर न चुकवलेल्या म्हाताऱ्या आयाबायांनी ऐकलं. 14 एप्रिल दोन वर्षं घराच्या उंबऱ्याआत साजरी केली. ते योग्यच होतं, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण समाज शिस्तीने वागला याची बातमी कुठे मोठी झाली? आपण गर्दी केली असती तर मात्र महिनाभर चर्चा झडल्या असत्या.

आणखी एक. ह्याच जहाजाचं बुकिंग सप्टेंबर 2021 पासून आयआरसीटीसी, म्हणजे रेल्वेचीच कंपनी, घेत होती. त्याच दिवसांत आमच्या जुईनगर स्टेशनच्या खिडकीवर दोन डोस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता. कोविशिल्डचा पहिला डोस घेतलेल्या बाईला दुसऱ्यासाठी 84 दिवस थांबायचं आणि त्यानंतर आणखी 14 दिवस. तोवर वाशी-मानखुर्दपलीकडे कामाला जायचं तर बसचे धक्के खा, नाहीतर काम सोडा. लसीचा नियम चुकीचा होता असं आम्ही म्हणत नाही. पण रेल्वेने समुद्रावरच्या सहलीसाठी जेवढी तत्परता दाखवली, तेवढी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पासासाठी दाखवली असती तर बरं झालं असतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या वस्तीतला एक पोरगा आहे. वडील एपीएमसीत हमाली करतात, आई नेरूळला चार घरची कामं करते. पोराने हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला. 2020 च्या सुरुवातीला एका एजंटाने त्याला क्रूझवर हाउसकीपिंगला लावतो म्हणून दोन लाख घेतले. आईच्या कानातलं गेलं, बचत गटाचं कर्ज झालं, मामाने काही दिले. मार्चअखेरची जॉइनिंगची तारीख होती. बॅग भरून ठेवलेली. जहाज सुटलंच नाही. सुरुवातीला एजंट फोनवर म्हणायचा, "थोडं थांब, लाइन सुरू होऊ दे." मग फोन उचलेना. मग ऑफिसच्या जागी दुसराच बोर्ड. आज तो पोरगा डिलिव्हरी करतो आणि हप्ते फेडतो.

त्याचंही बुकिंगच होतं ना? प्रवाशाने सात दिवसांचं केलं, ह्याने सगळ्या आयुष्याचं केलं. प्रवाशाकडे पावती होती, कस्टमर केअरचा नंबर होता, ट्विटर होतं, ओळखीतला वकील होता. ह्याच्याकडे रोख दिल्याचा पुरावासुद्धा नाही. "जहाज कधी सुटणार" हे त्यानेही वर्षभर विचारलं, पण त्याची बातमी झाली नाही.

जे जहाजावर पोहोचले त्यांचं काय झालं तेही आठवा. फेब्रुवारी 2020 मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस अडकलं. 3711 माणसं, त्यांतले 700 हून जास्त बाधित. त्यावर 138 भारतीय होते. त्यांतले प्रवासी फक्त 6 आणि कामगार 132. प्रवाशांना केबिनमध्ये बंद करून विलगीकरण झालं, पण त्या केबिनच्या दारापर्यंत जेवणाचं ताट नेणारा कामगार एकाच खोलीत दोघं-तिघं झोपत होता, एकाच मेसमध्ये जेवत होता. विलगीकरण कुणाचं आणि कुणाच्या जिवावर, हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

एप्रिल 2020 मध्ये मॅरेला डिस्कव्हरी हे जहाज मुंबईच्या समोर येऊन उभं राहिलं. त्यावरचे दीडशेच्या आसपास भारतीय कामगार आपलंच शहर डोळ्यांनी बघत होते आणि त्यांना उतरायची परवानगी नव्हती. केंद्राने नियमावली काढल्यावर कुठे 23 एप्रिलला ते उतरले. आणि जलेश क्रूझेस आठवते का? 2019 मध्ये मुंबईतून मोठ्या गाजावाजात सुरू झालेली. ऑक्टोबर 2020 मध्ये कंपनीच गुंडाळली. तिचं कर्णिका जहाज लिलावात निघून अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेलं. तिथे जहाज तोडणारे हात कुणाचे असतात ते वेगळं सांगत नाही.

न्यायालयाचंही बघा. लॉकडाउनमध्ये रद्द झालेल्या विमान तिकिटांचे पैसे परत करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 ला दिला. चांगलं झालं. पण त्याच वर्षी कामगारांना लॉकडाउनच्या काळाचा पूर्ण पगार द्यावा ह्या केंद्राच्या 29 मार्चच्या आदेशाचं काय झालं? मालक कोर्टात गेले, सरकारने मे महिन्यात आदेश मागे घेतला, आणि 12 जूनला कोर्टाने सांगितलं की मालकांवर सक्तीची कारवाई नको, दोघांनी बसून तडजोड करा. तिकिटाला परतावा, मजुरीला तडजोड! ज्याच्या घरात पीठ संपलंय तो मालकाशी काय तडजोड करणार?

बाबासाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग इथे आठवतो. 1917 मध्ये ते लंडनहून परतले तेव्हा त्यांचं सामान वेगळ्या जहाजाने येत होतं. महायुद्धाचा काळ, ते जहाज बुडालं आणि पुस्तकंही गेली. थॉमस कुक कंपनीकडून त्यांना 600 रुपये नुकसानभरपाई मिळाली. त्यातले काही घरी देऊन ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. सामान हरवलं तर कंपनीला पैसे द्यावे लागले, कारण कागद होता. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, शिपायांनी फायली लांबून टाकल्या, त्याची भरपाई कुणाकडे मागणार होते? पुढे त्यांनी ह्याच दुसऱ्या प्रकारच्या नुकसानासाठी कायदे आणि संविधान घडवलं. कागदाची ताकद त्यांना ठाऊक होती. आपली पोरं मात्र अजून एजंटाच्या तोंडी शब्दावर दोन लाख देतात.

म्हणून काही गोष्टी पाठ करून ठेवा. बेलापूर, नेरूळ, वाशी ह्या पट्ट्यात जहाजावर नोकरी लावणाऱ्यांच्या पाट्या पावलोपावली आहेत. जहाजावर भरती करायला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे, पैशाचा विषय निघण्याआधी ती बघा. भारताने 2015 मध्ये सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्यानुसार नोकरी लावण्याबद्दल उमेदवाराकडून फी घेता येत नाही. पासपोर्ट, सीडीसी, वैद्यकीय प्रमाणपत्र एवढाच खर्च आपला. जहाजावर भांडी घासणारा आणि खोल्या झाडणारासुद्धा ह्या कराराच्या दृष्टीने सीफेअररच असतो, आणि करार संपल्यावर त्याला घरी पोहोचवण्याचा खर्च मालकाचा असतो. "सर्व्हिस चार्ज" म्हणून रोख मागणारा माणूस बेकायदेशीर काम करतोय, मग तो आपल्याच समाजाचा असो की जयभीम घालून बोलणारा.

जुईनगर, सानपाडा, शिरवणे, तुर्भे स्टोअर भागातल्या ज्या पोरांचे पैसे 2020 पासून असे अडकले असतील, त्यांनी असतील नसतील ते कागद काढून ठेवा. बँकेची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, व्हिजिटिंग कार्ड, काहीही. चार-पाच जण मिळून भेटू. तक्रारीचा मसुदा आम्ही करून देतो. एकट्याने पोलीस ठाण्यात जाऊ नका, दहा जणांच्या तक्रारी एकत्र देऊ. आईला सोबत आणा, कानातलं कधी आणि कितीला मोडलं ते तिला तारखेसकट आठवतं.

जयभीम.