करार पतीचा, वास्तव्य साऱ्या घराचे

स्पेनचा विख्यात फुटबॉलपटू झावी २०१५ साली कतारच्या अल-साद क्लबात गेला, २०१९ साली खेळातून निवृत्त झाला आणि २०२१ च्या अखेरीपर्यंत तिथेच प्रशिक्षक राहिला. त्याची पत्नी पेशाने पत्रकार. तिनेही बार्सिलोना सोडून दोह्यात संसार मांडला. अशा संसारांची चित्रे वर्तमानपत्रांत झळकतात आणि आपल्या घरातल्या मुलांना भुरळ पाडतात. आम्हाला मात्र दोह्यातलेच दुसरे एक घर आठवते.

झाहिर बेलूनी हा अल्जेरियन वंशाचा फ्रेंच खेळाडू. तो २००७ साली कतारला गेला, सैन्याच्या अल-जैश क्लबाचा कप्तान झाला. पुढे त्याला दुसऱ्या क्लबाकडे धाडण्यात आले. पगार थकला असे त्याचे म्हणणे होते; म्हणून त्याने न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर देशाबाहेर जाण्याचा परवाना मिळेना. फ्रेंच पत्रांतून आपल्याकडेही ही हकीकत अनेकांनी वाचली असेल. पत्नी व दोन लहान मुली त्याच्याबरोबर अडकल्या. घरातले सामान विकायची पाळी आली. जून २०१३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद दोह्यात त्याला भेटले, तरी सुटका झाली नाही. अखेर नोव्हेंबर २०१३ मध्ये हे कुटुंब पॅरिसला पोहोचले. तेव्हा त्याचे वय ३३. खेळाडूचे आयुष्य जवळजवळ संपलेलेच.

याचे मूळ 'कफाला' पद्धतीत आहे. परदेशी नोकराचा जामीनदार त्याचा मालक. आणि बायकामुलांचा जामीनदार तो नोकर. म्हणजे साखळीची वरची कडी अडली की खालच्या सगळ्या अडल्या. पत्नीने कोणताही करार केलेला नसतो, पण त्याचे ओझे तिच्याही डोक्यावर येते.

उसाच्या मळ्यातला मजूर कुठे आणि फुटबॉलचा कप्तान कुठे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या बेटावर १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या आप्रवाशालाही छायाचित्राचे तिकीट आणि पास बाळगणे भाग पडले होते. जवळ नसेल तर भटक्या ठरवून अटक होई. माणसाने कुठे जावे हे दुसऱ्याच्या कागदावर ठरणे म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना कोणी शिकवायला नको.

कतारने पुढे कायदे बदलले, हेही सांगितले पाहिजे. २०१८ साली बहुतेक कामगारांसाठी बाहेर जाण्याच्या परवान्याची अट गेली, २०२० च्या आरंभी घरकाम करणाऱ्यांनाही ती सवलत मिळाली. त्याच वर्षी मालकाच्या ना हरकत पत्राशिवाय नोकरी बदलण्याची मुभा आली. विश्वचषकाच्या निमित्ताने जगाची नजर तिकडे होती, त्याचा हा परिणाम, असे आमचे मत आहे. तरी कुटुंबाचे वास्तव्य कमावत्या माणसाच्या नोकरीवर टांगलेले असते, ते तसेच राहिले. निवृत्तीनंतर प्रशिक्षकाचे काम धरणाऱ्याला तर हे अधिकच लागू. दोन-चार सामने हरले की प्रशिक्षक घरी बसतो, आणि शाळेचे वर्ष अर्ध्यात असते!

२०२७ ची बास्केटबॉल विश्वचषक स्पर्धा आणि २०३० चे आशियाई खेळ दोह्याला दिले गेले आहेत. खेळाडू, प्रशिक्षक, मालिश करणारे, हॉटेलातले कर्मचारी, सगळ्यांची भरती होणारच, आणि आपली तरुण मंडळी आखातात जातातच. सही करण्यापूर्वी नवराबायकोने एकत्र बसून करार वाचावा. पगार थकल्यास घरभाडे कोण भरणार? पत्नीला नोकरी करायची तर परवाना कोण काढून देणार? परतीचे तिकीट एकाचे की सगळ्यांचे? मध्यस्थाचे लक्ष आपल्या टक्क्यावर असते. तो हे प्रश्न आपणहून काढणार नाही. पत्नीने विचारावे, आणि उत्तर कागदावर घ्यावे.