याला जुगाड म्हणू नका

गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर काढायला लिफ्ट लागत नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीची इंजिनं वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला, पिंपळाखाली, गटाराच्या काठावर उतरली. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं ओतीव लोखंडाचं धूड. कुठं होती लिफ्ट? तीन पाईप, एक चेनकुप्पी, चार माणसं. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा पेपरांनी रकाने भरभरून उसासे टाकले. तिच्या मीटरवर लिहिलं, छताच्या फुलाफुलांच्या कापडावर लिहिलं. तिचं इंजिन ज्यांनी उतरवलं आणि पुन्हा बसवलं त्यांच्याबद्दल माझ्या वाचनात फक्त एक शब्द आला. जुगाड.

या शब्दाची मला शिसारी आहे. तोच हिशोब टाय लावलेल्याने केला की इंजिनिअरिंग, आणि आमच्या गल्लीतल्या सलीमने नाहीतर किशाने केला की जुगाड! वरून कौतुक. बघा कशी अक्कल आहे गरिबाला! कौतुक करून मोकळे व्हायचं, म्हणजे मजुरी वाढवायला नको, हातात धड साधन द्यायला नको.

मी गोदीत हमाल आहे. कंत्राटावर. मॅट्रिकपुढे शाळा नाही. पण वजन म्हणजे काय ते माझ्या खांद्याला कळतं. दोन पायांच्या स्लिंगला माल टांगला की त्या दोन पायांमधला कोन बघायचा असतो. साठ अंश असेल तर प्रत्येक पायावर निम्म्याहून थोडं जास्त वजन येतं. नव्वदला सत्तर टक्के. एकशेवीसला तर एकेका पायावर अख्खं वजन. दोन पाय असून नसल्यासारखे. हे गणित मला कुणी फळ्यावर शिकवलं नाही, एका म्हाताऱ्या गँगवाल्याने बोटं फाकवून दाखवलं. हबेस म्हणजे वर, आर्या म्हणजे खाली, आणि हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं. आता सांगा, याला जुगाड म्हणणार?

आमच्या शेजाऱ्याची मारुती ८०० आहे. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी आली, २०१४ ला बनायची बंद झाली, पण वस्तीत अजून धावते, कारण वस्तीत काहीच मोडीत जात नाही. गाडी तेल प्यायला लागली, पहिला गिअर पडेना. गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला त्यात दुसरी जुनी गाडी आली असती. मग रविवारी नळ गेल्यावर गल्लीतच काम काढलं. पाना माझा नाही, तो किशाचा. मी वजनापुरता.

 पहिलं पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, कारण ही एमपीएफआय, पेट्रोलच्या नळीत दाब असतो, तशीच नळी ओढली तर फवारा तोंडावर. (बिडीवाल्यांना गल्लीच्या टोकाला पिटाळलं.) मग बॅटरीची निगेटिव्ह सुटली. हबचे नट चाकं जमिनीवर असतानाच ढिले केले, पान्याला लांब पाईप लावून. गाडी वर चढवून तो नट सोडायला जाल तर अख्खी गाडी हलेल. रेडिएटरचं पाणी बादलीत धरलं, गटारात नाही. कूलंट गोडसर लागतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि तडफडून मरतात. गिअरचं तेल काढलं. बॉनेट उतरवलं. मग एक्सल, सायलेन्सरचा पाईप, क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल, गिअरचा रॉड, हीटर-रेडिएटरच्या नळ्या, वायरिंगचे सॉकेट. प्रत्येक सॉकेटला चिंधी बांधून किशाने खूण केली. निघालेला बोल्ट ज्या भोकातला त्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेवला. ज्याच्याकडे डबे नाहीत त्याचं हे कपाट.

या गाडीचं इंजिन आडवं असतं, गिअरबॉक्स त्याच्या बाजूलाच जोडलेला. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. दोन्ही मिळून आमच्या भाषेत दोन पोत्यांच्या घरात. दोन पोती मी रोज हलवतो म्हणून कुणी म्हणालं, हातावर घेऊ की! नाय. पोतं खांद्यावर बसतं, इंजिन बसत नाही. त्याचं वजन एका अंगाला कललेलं, गिअरबॉक्स एकीकडे लोंबणार, खाली बॉडीची धार. तिथं हात सापडला की गेला.

म्हणून तिपाई. तीन जाड पाईप, वर बोल्ट, आणि खाली तिन्ही पाय एकमेकांना साखळीने बांधलेले. ही खालची साखळी लोक विसरतात. गल्लीत पेव्हर ब्लॉक, त्यावर पाईप सरकतो, पाय फाकतात आणि सगळं खाली. पत्र्याच्या छपराच्या अँगलला तर चेन टांगायचीच नाही, तो अँगल पत्रा धरायला असतो. चेनकुप्पीने आधी फक्त भार घेतला. मग फाउंडेशनचे बोल्ट सोडले. बोटभर उचललं, थांबलो. चारी बाजूंनी बघितलं. येत नव्हतं. अशा वेळी जोर लावणारा गाढव. वजन अडलं म्हणजे काहीतरी जोडलेलं राहिलंय. किशाने हात घालून गिअरबॉक्सवरची अर्थिंगची वायर शोधली. मग इंजिन तिरपं होत, गिअरबॉक्सची बाजू खाली करत, बाळंतपणासारखं वर आलं. गाडी मागे ढकलली, इंजिन खाली जुन्या टायरवर. आर्या.

इथपर्यंत ऐकून टाळ्या वाजवणारे भेटतील. मला टाळ्या नकोत. कारण याच कामात आमच्या मागच्या गल्लीत एका पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. गाडी जॅकवर होती आणि जॅकखाली वीट. विटेवर गाडी ठेवू नये, वीट आधी इशारा देत नाही, एकदम फुटते. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. गाडीखाली शिरायचं तर लोखंडी घोडी पाहिजे, निदान आडवेउभे रचलेले लाकडाचे ठोकळे, ज्याला गोदीत आम्ही डनेज म्हणतो. चाक काढलं की तेही गाडीखाली सरकवून ठेवायचं. त्या पोराला हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. त्याच्याकडे घोडी नव्हती. मालक म्हणाला, चालतंय. नेहमी चालतंच, न चालण्याच्या दिवसापर्यंत.

गोदीतल्या माणसाची किंमत जास्त म्हणून तिथं वेगळं आहे असं नाही. तिथं माणसं मेली, युनियनी लढल्या, मग १९८६ चा गोदी कामगार सुरक्षा कायदा आला, १९९० ची नियमावली आली. वजन उचलायच्या साधनाची चाचणी हवी, त्यावर किती भार चालेल तो आकडा हवा, हे कागदावर आलं. कागद पाळतात किती, तो वेगळा लेख होईल. पण निदान आकडा नसलेल्या हुकाकडे बोट दाखवायला मला तोंड आहे. गल्लीतल्या पोराला नाही. त्याची चेनकुप्पी भंगारातून आलेली, साखळीची कडी ताणून लांबट झालेली, हुकाचं तोंड उघडलेलं. अशी कडी दिसली की ती चेन फेकायची, वेल्डिंग मारायची नाही. वेल्डिंग मारलेली साखळी म्हणजे रंगवलेलं प्रेत.

कविता लिहिणाऱ्या दोस्तांनो, आपल्या कवितेत घण येतो, कुदळ येते, मशाल येते. चेनकुप्पी एकानेही आणली नाही, मीही नाही. असो. मुद्दा पैशाचा आहे. आपल्या वस्तीत जयंतीला एका रात्रीच्या डीजेला आपण जे भाडं मोजतो त्यात एक टनी नवी चेनकुप्पी, आकडा कोरलेली, आणि चार घोड्या येतात. वर पैसे उरतात, त्यात जाड पाईप. बाबासाहेबांच्या नावाने भिंती हादरवण्याला माझा विरोध आहे असं बोंबलणारे बोंबलोत. माझं म्हणणं एवढंच की यंदा एक रात्र डीजे नको आणि हे सामान मंडळाच्या मालकीचं असावं. ज्याला लागेल त्याने वहीत सही करून न्यावं, भाडं नाही. परत आणताना किशाने कडी न् कडी बघावी. वर्षातून एकदा चाचणी, आणि तारीख कुप्पीवर रंगाने लिहायची, खडूने नाही.

ठेवायचं कुठं असा प्रश्न आला आहे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत तुटके स्पीकर पडलेत, ते काढले की जागा होते. येत्या बैठकीत मी विषय मांडतोय. खजिनदाराने पावतीपुस्तक घेऊन यावं.