व्हिसाचा अर्ज स्वतः वाचा, मगच सही करा

जिंतूर असो, सेलू असो की गंगाखेड, ज्यांचा मुलगा किंवा लेक अमेरिकेत, जर्मनीत, कॅनडात आहे अशी घरं आपल्या जिल्ह्यात आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली नाहीत. पोरं पुण्याला, हैदराबादला शिकली, कंपनीने बाहेर पाठवलं, संसार तिकडेच थाटला. मग लेकीचं बाळंतपण येतं, नातवाचा पहिला वाढदिवस येतो आणि आयुष्यात कधी विमानतळाचं तोंड न पाहिलेल्या आई-वडिलांपुढे व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. मुलगा फोनवर सांगतो, "बाबा, तुम्ही फक्त सह्या करा, बाकीचं एजंट बघतो."

माझी हात जोडून विनंती आहे, फक्त सह्या करू नका.

अर्ज एजंटाने भरला तरी त्यातल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. खोटी माहिती सापडली तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो, ब्रिटन दहा वर्षांपर्यंत, आणि अमेरिकेत ही बंदी कायमची ठरू शकते. एजंटाचं काहीच जात नाही. त्याची फी आधीच खिशात पडलेली असते. तुमचं मात्र नातवाला मांडीवर घेणं राहून जातं.

एजंट काय काय लिहितात ते नीट ऐका. शेतकऱ्याला 'बिझनेसमन' करतात. वर्षाचं उत्पन्न दुप्पट-तिप्पट लावतात. मुलगा तिकडे आहे हे सांगितलं तर व्हिसा मिळणार नाही म्हणून तो रकाना कोरा ठेवतात. आधी एकदा नकार आला असेल तर तोही लपवतात. अमेरिकेच्या डीएस-१६० या अर्जात हे सगळं सरळ विचारलेलं असतं: जवळचं कोणी तिथे आहे का, पूर्वी व्हिसा नाकारला होता का, तुमच्या नावाने कुणी कायम वास्तव्याचा अर्ज केला आहे का. यातलं पुष्कळसं त्यांच्याकडे आधीच नोंदलेलं असतं. मुलगा तिकडे असणं हा काही गुन्हा नाही. तो लपवला की मात्र तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरूनही विश्वास उडतो.

अधिकाऱ्याच्या मनात खरा प्रश्न एकच असतो: हा माणूस परत जाईल का? अमेरिकेच्या कायद्यात २१४(ब) नावाचं कलम आहे. त्याप्रमाणे पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथे कायमचं राहायला येतो आहे असंच गृहीत धरलं जातं आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं असतं. हा तुमच्या धोतराचा किंवा मराठीचा अपमान नाही. मुंबईतल्या डॉक्टरलाही हेच कलम लागू आहे.

पण एक गोष्ट खरी आहे. ही सगळी पद्धत पगारदार माणूस डोळ्यांसमोर ठेवून बनलेली आहे. पगाराची स्लिप, फॉर्म १६, कंपनीचं रजेचं पत्र, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. शेतकऱ्याकडे यातलं काहीच नसतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे विवरणपत्र भरायची वेळच आलेली नसते. कापसाचे पैसे काही रोख येतात, काही खात्यावर, उरलेले सोन्यात किंवा गावच्या पतसंस्थेत जातात. कागदावर हा माणूस गरीब दिसतो आणि एजंट नेमका इथेच खोट्याचा रस्ता दाखवतो.

तो रस्ता धरायची गरज नाही, कारण परत येण्याचा पुरावा पगारदारापेक्षा शेतकऱ्याकडे भक्कम असतो. नोकरी सोडता येते, जमीन उचलून नेता येत नाही. सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचे काढा. बाजार समितीत सोयाबीन, तूर, हरभरा घातल्याच्या पट्ट्या फेकून देऊ नका, वर्षवार लावून ठेवा. ऊस जात असेल तर कारखान्याची बिलं ठेवा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घ्या. जमीन आहे, घर आहे, दुसरा मुलगा किंवा सून गावातच आहे, म्हातारी आई घरी आहे, हे सगळं परत खेचून आणणारं आहे आणि ते जसं आहे तसंच मांडा. कागद मराठीत असतील तर त्यांचं इंग्रजी भाषांतर करून सोबत जोडा. आणि प्रवासाचे महिने शेतीच्या हिशेबाने ठरवा. ज्वारी-हरभरा निघाल्यावर जायचं आणि मृगाच्या पेरणीआधी परत यायचं, हे कुणालाही पटणारं वेळापत्रक आहे, कारण ते खरं आहे. जमलं तर पुढच्या वर्षीपासून आयकर विवरणपत्र भरायला लागा. कर शून्य असला तरी चालेल. शेतीचं उत्पन्न त्यात दाखवता येतं आणि दोन-तीन वर्षांत तुमच्या नावाने एक सलग नोंद तयार होते.

बँकेचं तर विशेष सांगायचं आहे. अर्जाच्या आधी आठ दिवस भावाकडून, मेहुण्याकडून पाच-सात लाख उसने आणून खात्यात टाकायचे आणि स्टेटमेंट काढून परत करायचे, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. तपासणारा शेवटची शिल्लक बघून थांबत नाही, मागचे सहा महिने बघतो. वर्षभर वीस-तीस हजारांवर असलेलं खातं एकाएकी फुगलेलं दिसलं की हे पैसे कुणाचे, ही शंका त्याला येणारच. त्यापेक्षा खर्च मुलगा करणार आहे हे सरळ लिहा. त्याचं निमंत्रणपत्र, त्याच्या पगाराच्या स्लिपा, त्याच्या व्हिसाची प्रत जोडा. मुलाने आई-वडिलांचा खर्च करणं यात लपवण्यासारखं काय आहे? आणि हरभरा विकून दोन लाख खात्यात आले असतील तर ती पट्टी स्टेटमेंटला जोडा, म्हणजे रक्कम कुठून आली ते आपोआप कळतं.

आता नावं आणि तारखा. आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांचा जन्म कागदावर १ जूनचा आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. ती तारीख सगळीकडे तीच असेल तर काही बिघडत नाही. आधारवर एक, पासपोर्टवर दुसरी, पॅनवर तिसरी असेल तर बिघडतं. बायकांच्या नावाचा घोळ याहून मोठा. सातबाऱ्यावर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर 'बाई' लावलेलं, पासपोर्टवर 'बाई' गळालेलं. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही, हे ध्यानात ठेवा. नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी किंवा विवाहाचा दाखला हाताशी असू द्या. पासपोर्ट काढताना आडनावाचा रकाना कोरा सोडू नका. पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल तर पर्यटक म्हणून प्रवेश नाही, असं संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं आणि कितीतरी लोकांना तेव्हा प्रथमच कळलं की तो रकाना किती महत्त्वाचा आहे. नातवंडांचे पासपोर्ट काढायचे असतील तर १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागतो, तो आत्ताच काढून ठेवा. हे सगळं दुरुस्त करायला महिने जातात, म्हणून लेकीला दिवस गेल्याची बातमी कळली त्याच आठवड्यात ट्रंकेतले कागद बाहेर काढा.

अमेरिकेसाठी मुलाखत मुंबईत द्यायची की हैदराबादेत, हे आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना ठरवावं लागतं. देवगिरी एक्सप्रेस दोन्हीकडे जाते. हैदराबाद जवळ आहे, तिथे हिंदी आणि उर्दूही चालते. पण मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत मराठीतून देता येते, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कितीतरी आया महिनाभर इंग्रजी वाक्यं घोकत बसतात आणि काचेपलीकडून वेगळाच प्रश्न आला की गोंधळतात. आपल्या भाषेत उत्तर द्या. बोटांचे ठसे आणि मुलाखत अशा दोन वेगळ्या वेळा असतात, त्या दोन दिवशी आल्या तर मुक्कामाची सोय धरून चला. मुलाखत काही मिनिटांचीच असते. कागदांची पिशवी नेलीच पाहिजे, पण अधिकारी ती उघडायला सांगेलच असं नाही. अर्जात लिहिलेलं आणि तुमच्या तोंडून येणारं एकच असलं पाहिजे, म्हणूनच अर्ज मुलाकडून मराठीत समजावून घ्यायचा. कुणाकडे जाता, तो काय करतो, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, इथे काय करता. एवढं आपलं आपल्याला सांगता आलं की पुष्कळ झालं.

युरोपचं गणित निराळं. शेंगेन गटात आता २९ देश आहेत आणि एका व्हिसावर त्या सगळ्यांत फिरता येतं, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज मात्र जिथे जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा. मुलगी जर्मनीत असताना केवळ 'तारीख लवकर मिळते' म्हणून दुसऱ्या देशाकडे अर्ज घालणं म्हणजे नकार ओढवून घेणं. मोठ्यांसाठी फी जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. २०२४ मध्ये भारतीयांनी शेंगेन व्हिसासाठी अकरा लाखांवर अर्ज केले आणि त्यातले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. म्हणजे सातातला एक. त्यामुळे परत न मिळणारी विमान तिकिटं व्हिसा हातात येण्याआधी काढू नका. हॉटेलचं बनावट बुकिंग करून देणाऱ्यांपासूनही लांब राहा, कारण पलीकडून हॉटेलला फोन करून विचारता येतं.

सगळीकडे एवढा खटाटोप नाही, हेही सांगितलं पाहिजे. लुंबिनीला जायचं असेल तर नेपाळला भारतीयांना व्हिसाच लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. मलेशियाने भारतीयांना दिलेली व्हिसामाफी २०२६ अखेरपर्यंत आहे. तिथे जाण्याआधी एक ऑनलाइन कार्ड भरावं लागतं आणि ते फुकट आहे. त्याचेही पैसे घेणारे लोक बसलेले आहेत, ते देऊ नका.

आता तरुण पोरांसाठी आणि त्यांच्या बापांसाठी, आणि हे मला सगळ्यात तळमळीने सांगायचं आहे. "टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे उतरल्यावर वर्क परमिट करून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. पर्यटक व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पगार बुडाला, मालकाने पासपोर्ट काढून घेतला तरी तक्रार करायची सोय राहत नाही, कारण पहिला गुन्हा तुमच्याच नावावर लागतो. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलेल्या आपल्या देशातल्या पोरांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली गेली. मार्च २०२५ मध्ये वायुदलाची विमानं पाठवून त्यातल्या पाचशेहून अधिक जणांना परत आणावं लागलं. परदेशी नोकरीच लावायची असेल तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते आधी बघा. कायद्याने त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढीच फी घेता येते. एकर विकून चार लाख मागणारा कोण आहे ते यावरून ओळखा. आणि मूळ पासपोर्ट कुणाच्याही दुकानात महिनोन्महिने ठेवायला देऊ नका.

एवढं करूनही नकार येऊ शकतो. तेव्हा लगेच दुसऱ्या एजंटाकडे धावू नका. शेंगेनच्या नकारपत्रावर कारणावर खूण केलेली असते आणि त्याविरुद्ध अपील करता येतं. अमेरिकेच्या २१४(ब) नकारावर अपील नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो. तोच अर्ज, तेच कागद घेऊन मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा उभं राहण्यात फक्त फी जाते. परिस्थितीत काही बदललं असेल, आधी मांडता न आलेलं काही आता मांडता येत असेल, तेव्हाच जा. दुसऱ्या अर्जात पहिल्या नकाराचा उल्लेख करायला विसरू नका. पहिल्या खेपेला काय लिहिलं होतं ते एजंटाच्या संगणकातच राहिलं तर दुसऱ्या खेपेला उत्तरं जुळत नाहीत. म्हणून अर्ज पाठवला त्याच दिवशी त्याची पूर्ण छापील प्रत मागून घ्या आणि सातबाऱ्याच्या फाइलीत लावून ठेवा.